पोरीनं कॉम्प्युटर लावला

यवतमाळ-अमरावतीच्या पट्ट्यात बारावीचा निकाल लागला की शेजारपाजारचे विचारतात, ‘पोरीनं काय लावलं मग?’ तीसेक वर्षांपूर्वी उत्तर यायचं, टायपिंग लावली. आता येतं, कॉम्प्युटर लावला. क्रियापद तेच राहिलं. आमच्या भागातल्या संगणक-शिक्षणाचा बराचसा इतिहास मला त्या ‘लावला’मध्ये दिसतो. मी तालुक्याच्या कॉलेजात कम्युनिटी कॉलेज योजनेतल्या, म्हणजे गावातल्या कामधंद्याशी जोडलेली कौशल्यं शिकवणाऱ्या योजनेतल्या, माहिती तंत्रज्ञान पदविकेला शिकवते. पहिल्या आठवड्यात मुलं कीबोर्डवर दहाही बोटं शिस्तीत ठेवून बसतात आणि विचारतात, ‘मॅडम, स्पीड किती पाहिजे?’

हा प्रश्न टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेला आहे. बसस्टँडसमोर, नाहीतर एखाद्या कापड दुकानाच्या माडीवर, प्रत्येक तालुक्याला एक तरी इन्स्टिट्यूट असायचीच. सकाळी सातपासून तासातासाच्या बॅचेस आणि रस्त्यापर्यंत ऐकू येणारा टाइपरायटरांचा कडकडाट. मिनिटाला मराठी ३०, इंग्रजी ४० शब्द झाले आणि परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र हाती आलं, की तहसील, जिल्हा परिषद, कोर्ट यांच्या लिपिकाच्या जागेला अर्ज करता यायचा. कोरडवाहू कापसावर चालणाऱ्या घराला ठरलेल्या तारखेला येणारा पगार काय असतो, हे आम्हाला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यामुळे यंत्र शिकायचं ते प्रमाणपत्रासाठी आणि प्रमाणपत्र अर्जासाठी, हा हिशेब घराघरात पक्का बसला.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी शेगाव आणि बडनेऱ्याला कॉलेजं उभी राहिली. पण ती वाट विज्ञानाला चांगले मार्क आणि फीपुरते पैसे असणाऱ्यांची. बाकीच्यांसाठी १९८९ मध्ये नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं, आयटीआयमध्ये संगणक ऑपरेटरचा ट्रेड आला, नागपूर विद्यापीठात कॉमर्सच्या मुलांसाठी बीसीसीए ही संगणकाची पदवी आली.

खेड्यापर्यंत संगणक खऱ्या अर्थानं पोचवला तो एमएस-सीआयटी या संगणक-ओळखीच्या प्रमाणपत्र कोर्सनं. २००१ मध्ये राज्य शासनानं विद्यापीठांना सोबत घेऊन महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन केलं आणि त्याच्या अधिकृत केंद्रांचं जाळं तालुक्यातालुक्यात पसरलं. सरकारी नोकरीसाठी संगणकाचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. नोकरीत असलेल्यांचीही मुदतीत परीक्षा पास न झाल्यास वेतनवाढ रोखली जाऊ लागली. पन्नाशीचे गुरुजी आणि त्यांचीच माजी विद्यार्थिनी एका बाकावर माउस धरायला शिकताना मी पाहिले आहेत. कोणी कितीही नावं ठेवो, या एका कोर्सनं आमच्या भागातली यंत्राची भीती घालवली, हे मी मानते. भारनियमनाच्या त्या वर्षांत बॅचची वेळ महावितरण ठरवायचं. लाइट गेली की मुलं वहीत मेनूंची नावं पाठ करत बसायची. फाइल, एडिट, व्ह्यू. यंत्र समोर असूनही शिकणं पाठांतराचं झालं, त्याला ही लाइटही कारण आहे.

दुसरं कारण फॉन्टचं. इन्स्टिट्यूटवाल्यांनी टाइपरायटर काढून त्याच टेबलांवर संगणक मांडले, तेव्हा बोटांची सवय मोडू नये म्हणून टाइपरायटरच्याच मांडणीचे फॉन्ट चालले. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये ‘डी’ची कळ दाबली की पडद्यावर ‘क’ उमटतो, पण संगणकानं आत साठवलेला असतो ‘डी’च. त्यावर फक्त ‘क’चं चित्र चढवलेलं असतं. मागच्या वर्षी एका मुलीनं गावच्या ग्रामपंचायतीचा ठराव पेन ड्राइव्हवर आणला आणि म्हणाली, ‘मॅडम, फाइल खुलून नाही राह्यली.’ फाइल खुलली होती. पडद्यावर रोमन अक्षरं, अवतरणचिन्हं आणि कंसांची खिचडी दिसत होती एवढंच. मी तिला सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदलायला सांगितला. क्षणात ओळी मराठी झाल्या. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, ‘म्हणजे कॉम्प्युटरले मराठी येतच नव्हती?’

त्या प्रश्नाला मी पूर्ण दोन तास दिले. प्रत्येक अक्षराला यंत्राच्या आत एक आकडा असतो. भारतीय लिप्यांच्या आकड्यांचं इस्की हे मानक १९९१ मध्ये ठरलं, १९८८ साली पुण्यात सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेनं त्या लिप्या संगणकावर आणायचं मोठं काम केलं, आणि युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या मानकातल्या देवनागरीची बैठकही इस्कीचीच आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या मांडणीच्या कीबोर्डवर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. हे सगळं सांगितल्यावर तिनं घरी जाऊन तो ठराव युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केला. कोणी सांगितलं नव्हतं.

जून २०१७ मध्ये कर्जमाफी जाहीर झाली आणि अर्ज ऑनलाइन भरायचे ठरले. सेवा केंद्रांसमोर पहाटेपासून रांगा, घासून गुळगुळीत झालेले अंगठे यंत्रावर उमटत नाहीत, सर्व्हर बंद. गावात ज्यानं कॉम्प्युटर लावला होता त्याच्या दारात म्हातारी माणसं कागदांची पिशवी घेऊन उभी राहिली. त्या पोराला टाइप करता येत होतं, पण अर्ज कुठे अडकला हे शोधता येत नव्हतं. प्रमाणपत्राची मर्यादा त्या पावसाळ्यात सगळ्यांना दिसली. पुढच्याच वर्षी, १ मे २०१८ पासून, डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि संगणक शेताच्या कागदातच आला.

कम्युनिटी कॉलेज ही मूळची अमेरिकेतली कल्पना. इलिनॉय राज्यातल्या जोलिएटला १९०१ साली पहिलं सुरू झालं. आपल्याकडे १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठानं सुरुवात केली, आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेत यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, देशभरातल्या कॉलेजांसाठी योजना आणली. वर्षाच्या पदविकेला ६० श्रेयांक, त्यातले ३६ प्रत्यक्ष कौशल्याचे. गावातल्या उद्योगाशी जोडून घ्यायचं ही त्यातली मुख्य अट. कागदावर उद्योग म्हटला की कारखाना डोळ्यांपुढे येतो. आमच्या तालुक्यात उद्योग म्हणजे जिनिंग, डाळ मिल, पतसंस्था आणि सेवा केंद्र. मला त्यात कमीपणा वाटत नाही. शिकायला तेवढं पुरेसं आहे.

कापूस वेचणीला लागला की वर्गात निम्मी मुलं नसतात. म्हणून मी उरलेल्यांना घेऊन जिनिंगच्या काट्यावर जाते. गेल्या खेपेला कापसाची गाडी काट्यावर चढली, पडद्यावर वजन आलं आणि प्रिंटरमधून काटापट्टी निघाली. एकानं विचारलं, ‘मॅडम, हा आकडा कोनं टाइप केला?’ काटेवाल्यानं हसून टेबलाखाली बोट दाखवलं. आम्ही गुडघ्यांवर बसून बघितलं, तर वजन दाखवणाऱ्या डब्यातून निघालेली करड्या रंगाची वायर संगणकाच्या मागच्या नऊ पिनांच्या पोर्टात गेली होती. मग ती वायर उलट्या दिशेनं, प्लॅटफॉर्मखालच्या लोडसेलपर्यंत, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरपर्यंत, शोधत जाण्यात आमची दुपार गेली.