स्क्रीन फिरवण्याचा अधिकार कोणाचा? लिनक्स फोनवरील स्वयंचलित फिरण्याची पार्श्वभूमी

फोन आडवा धरला की व्हिडिओ आडवा व्हावा, पण कुशीवर पडून वाचताना पान मात्र उभेच राहावे, ही अपेक्षा काही जगावेगळी नाही. तरीही लिनक्सवर चालणाऱ्या फोनांत ती आजही सरसकट पूर्ण होत नाही. याचे कारण सेन्सरमध्ये नाही. निर्णय ॲपने घ्यावा, विंडोंची व्यवस्था पाहणाऱ्या प्रणालीने घ्यावा की वापरणाऱ्याने, याचे उत्तर गेल्या दोन दशकांत अनेकदा बदलत गेले, हे खरे कारण आहे. अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सच कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आहे. तेथे प्रत्येक ॲप आपल्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये (ॲपची माहिती प्रणालीला देणाऱ्या फाइलमध्ये) हवी ती दिशा नोंदवू शकते. ज्या फोनांवर डेस्कटॉप लिनक्सचीच साधने चालतात, त्यांना असा एकच सर्वमान्य नियम मिळाला नाही.

सुरुवात लिनक्सवर विंडो पडद्यावर दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीपासून करावी लागते. तिची मूळ रचना पडद्याचा आकार एकदा ठरला की तो बदलणार नाही, असे गृहीत धरणारी होती. कॉम्पॅकच्या आयपॅक या हातात मावणाऱ्या संगणकावर लिनक्स चालू लागले तेव्हा हे गृहीतक टिकेना. जिम गेटिस आणि कीथ पॅकार्ड यांनी २००१ मध्ये ‘रँडआर’ हा विस्तार मांडला. आकार बदलणे (रिसाइझ) आणि फिरवणे (रोटेट) या दोन इंग्रजी शब्दांवरूनच त्याचे नाव पडले आहे. त्यामुळे एक्स सर्व्हर, म्हणजे ही प्रणाली चालवणारा प्रोग्रॅम, बंद न करता पडदा फिरवता येऊ लागला. मात्र फिरत असे तो संपूर्ण पडदा, आणि टचस्क्रीनला त्याची खबर नसे. चित्र ९० अंशांनी वळले तरी बोटाचे निर्देशांक जुन्याच दिशेने येत, आणि बोट वर सरकवले की पॉइंटर बाजूला पळे. त्यासाठी निर्देशांक बदलणारा नऊ आकड्यांचा मॅट्रिक्स वेगळा द्यावा लागे, आणि चित्र व स्पर्श या दोन आज्ञा बरोबरीने न धावल्यास फोन काही क्षण वापरण्याजोगा राहत नसे.

प्रत्येक ॲपचे मत विचारात घेणारी विचारपूर्वक रचना नोकियाच्या मीमो प्रणालीत दिसते. २००९ मध्ये आलेला एन९०० हा ८०० गुणिले ४८० पिक्सेलचा, बाहेर सरकणारा कीबोर्ड असलेला आणि स्वभावतः आडवा फोन होता. त्यात विंडोला दोन वेगवेगळे गुणधर्म लावता येत: ‘मला उभे राहणे जमते’ आणि ‘मला उभेच राहायचे आहे’. विंडो मॅनेजर पडद्यावर दिसणाऱ्या सगळ्या विंडोंकडे पाहून, उभे राहण्याची मागणी आहे का आणि ती बाकीच्यांना झेपेल का, हे तपासून मगच पडदा वळवीत असे. क्षमता आणि मागणी यांत केलेला हा भेद मला आजही या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. सेन्सर वाचण्याचे काम एमसीई नावाच्या डिमनकडे, म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे, होते. ज्या ॲपला फोनची दिशा हवी असेल, त्याने आधी ॲक्सेलरोमीटर (फोनचा कल मोजणारा सेन्सर) चालू करण्याची विनंती करायची, म्हणजे कोणालाच गरज नसताना बॅटरी खर्च होत नसे.

पुढच्या प्रणालींनी तोच विचार आपापल्या परीने पुढे नेला. २०१३ मध्ये जोला फोनसोबत आलेल्या सेलफिश प्रणालीमध्ये ॲपचे प्रत्येक पान आपल्याला चालणाऱ्या दिशा जाहीर करते, आणि पडदा जागच्या जागी राहून ॲप स्वतःचा मजकूर आतल्या आत वळवते. उबंटू टचने चालणाऱ्या दिशा ॲपच्या डेस्कटॉप फाइलमधील (ॲपचे नाव, चिन्ह इत्यादी नोंदवणाऱ्या फाइलमधील) एका ओळीत लिहायची सोय केली. दोन्ही उपाय चांगले होते, पण एकाच्या घोषणेचा अर्थ दुसऱ्याला कळत नव्हता.

दरम्यान खालच्या थरात मात्र एकवाक्यता होत होती. सेन्सरांसाठीची ‘आयआयओ’ ही उपप्रणाली २००९ मध्ये कर्नलच्या चाचणी विभागात आली आणि २०१२ मध्ये तिचा गाभा मुख्य भागात गेला. तिच्यावर बास्तियँ नोसेरा यांनी ‘आयआयओ-सेन्सर-प्रॉक्सी’ हा डिमन बांधला. तो गुरुत्वाकर्षणाचे तीन अक्षांवरचे आकडे वाचतो आणि डी-बसवर (प्रोग्रॅमांमधील निरोपांच्या मार्गावर) फक्त शब्द पाठवतो: सरळ, उलटा, डावी कड वर, उजवी कड वर किंवा अनिश्चित. फोन टेबलावर सपाट ठेवला की सगळे गुरुत्व पडद्याला लंब असलेल्या अक्षावर जाते आणि उभे-आडवे ठरवायला उरलेल्या दोन अक्षांत काहीच शिल्लक राहत नाही. अशा वेळी आधीची दिशा धरून ठेवणेच इष्ट असते. चिप बोर्डवर कोणत्या कोनात बसवली आहे, हेही प्रत्येक उपकरणागणिक बदलते. तो फरक मिटवणारा मॅट्रिक्स कर्नलला दिलेल्या उपकरण-वर्णनात किंवा सिस्टमडी या प्रणाली सुरू करून सांभाळणाऱ्या साधनाच्या हार्डवेअर-सूचीत नोंदवावा लागतो. तो चुकला, तर फोन उभा धरल्यावर पडदा आडवा होतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या ॲपला दिला जातो.

एक्सची जागा घेणारा वेलँड आल्यावर टचस्क्रीनची जुनी कटकट संपली, कारण चित्र आणि स्पर्श दोन्ही एकाच कंपोझिटरच्या, म्हणजे सगळ्या विंडो एकत्र करून पडद्यावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हातात आले. पण ॲपचा आवाजही तेथेच हरवला. कंपोझिटर पडदा किती अंशांत फिरला आहे हे ॲपला कळवतो. ‘मला आडवे ठेव’ असे ॲपने सांगावे, अशी विनंती विंडोंसाठीच्या एक्सडीजी-शेल या प्रोटोकॉलमध्ये (ॲप आणि कंपोझिटर यांच्यातील संवादाच्या नियमांत) नाही. बफर, म्हणजे ॲपने काढलेले चित्र, आधीच वळवून देण्याची जी सोय आहे, तिलाच अनेकदा अशी विनंती समजले जाते. ती केवळ कंपोझिटरचे श्रम वाचवण्यासाठी आहे. २०१९ च्या अखेरीस लिब्रेम ५ आणि २०२० च्या आरंभी पाइनफोन हे लिनक्स फोन लोकांच्या हाती पडू लागले, तेव्हा जीटीके या विंडो व बटणे काढण्याच्या साधनसंचावरील ॲपांनी रुंदीनुसार स्वतःची मांडणी बदलण्याचा मार्ग धरला. अर्ज भरण्याच्या किंवा निरोप वाचण्याच्या ॲपला तो पुरतो. कॅमेरा, खेळ किंवा व्हिडिओ यांना पुरत नाही, आणि या फोनांवरील फॉश या दर्शनी आवरणातील फिरणे रोखण्याचे बटण सगळ्या ॲपांना एकाच वेळी लागू होते.

त्यामुळे ॲपनिहाय निर्णय सध्या वापरणाऱ्याच्या स्क्रिप्टकडे येऊन पडला आहे. स्वे या कंपोझिटरमध्ये विंडोवर फोकस आला की तिची ॲप-ओळख सांगणारा संदेश मिळतो; स्क्रिप्ट ती ओळख आपल्या यादीत शोधते आणि आउटपुटला, म्हणजे पडद्याला, योग्य कोन देते. जुनी एक्स ॲपे एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स ॲपे चालवणाऱ्या दुव्यातून) चालत असल्याने त्यांची ही ओळख रिकामी असते, तेव्हा विंडोचा क्लास (एक्समध्ये ॲप ओळखण्याची खूण) पाहावा लागतो. नेहमीची चूक होते ती परतताना. व्हिडिओ संपल्यावर स्क्रिप्ट आधी टिपून ठेवलेला कोन परत लावते, पण तेवढ्या वेळात हातातला फोन वळलेला असू शकतो. म्हणून जुना कोन न वापरता सेन्सरची त्या क्षणाची दिशा नव्याने विचारून घ्यावी लागते.