आधी गळा, मग भूमिका

संगीत नाटकासाठी कलाकार हवेत, अशी जाहिरात आली की तिच्यात बहुधा एक अट असते: दोन नाट्यपदे तयार करून या आणि तुमची पट्टी, म्हणजे कोणत्या सुरात गाता ते, कळवा. प्रमुख भूमिकेसाठी अशी उघड चाचणी घ्यायची रीत आपल्याकडे तशी अलीकडची. त्याआधी माणूस शोधायची तऱ्हाच निराळी होती, आणि आजच्या ऑडिशनमधल्या बऱ्याच अडचणी त्या जुन्या तऱ्हेतून आल्या आहेत.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा गाणे हे सूत्रधाराचे काम होते. पात्राच्या वतीने तो पद म्हणे, पात्र त्यावर अभिनय करी, थोडे भाषण करी. रामाला गळा नसला तरी कुणाचे अडत नव्हते. रूप असावे, उभे राहण्यात ऐट असावी, एवढे पुरे.

हे बदलले ३१ ऑक्टोबर १८८० ला. पारशी मंडळींचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या डोक्यात जे शिरले, त्यातून शाकुंतलाचे पहिले चार अंक त्या दिवशी पुण्यात रंगभूमीवर आले. आता ज्याची भूमिका त्यानेच गायचे. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व. कण्व तसा नाटकभर वावरणारा नव्हे, पण बाळकोबांसारखा गाणारा त्या जागी उभा केला की चौथा अंक कुठल्या कुठे जातो. भूमिकेची लांबी आणि भूमिकेचे वजन यांचे गणित तिथून बदलले ते कायमचे. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले तेव्हा सुभद्रा म्हणून उभा राहिला तो बडोद्याहून आणलेला एकोणीस वर्षांचा भाऊराव कोल्हटकर. त्याची कुणी रांगेत उभे करून परीक्षा घेतली नव्हती. गळ्याची कीर्ती कानावर आली, माणूस आणला, तालमीत घातला.

पुढची चाळीस-पन्नास वर्षे हाच मार्ग. नाटक कंपनी म्हणजे बिऱ्हाडच. कंपनीत कोवळी मुले येत, तिथेच जेवत, तिथेच गाणे शिकत, नाटकात सखी-दासीची कामे करत. तालीममास्तरांची नजर त्यांच्यावर रोज असे. निवड एका दिवसात होत नव्हती, ती दोन-चार वर्षे चालूच असे. छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे दहाव्या वर्षाच्या सुमारास बालमोहन मंडळीत गेले ते असेच.

या पद्धतीतला खरा जुगार होता आवाज फुटण्याचा. बारा-तेराव्या वर्षी गोड वाटणारा गळा पंधराव्या वर्षी काय होईल हे ना मास्तरांना सांगता येई, ना मालकांना. कित्येक बालनटांची कारकीर्द तिथेच संपली असणार. त्यांची नावे इतिहासात नाहीत. ज्यांचा गळा टिकला त्यांची आहेत. केशवराव भोसले लहानपणी ‘शारदा’ नाटकातली शारदा करत; १९०८ साली त्यांनी ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली आणि १९२१ मध्ये दोन कंपन्यांनी मिळून केलेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये ते नायक धैर्यधर होते. समोर नायिका भामिनी म्हणून बालगंधर्व.

बालगंधर्वांची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण आजच्या चाचणीत ते बहुधा पहिल्या फेरीतच अडकले असते. १९०१ मध्ये भाऊराव गेले आणि किर्लोस्कर मंडळीची नायिकेची जागा रिकामी पडली. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, हा मुलगा गायचा सुरेख, पण त्याला कानाने कमी ऐकू येई. त्यावर मिरजेत उपचारही झाले. गायक नटाच्या कानातच दोष, म्हणजे कुणीही आधी दोनदा विचार करील. पण शाहू महाराजांसारख्यांचा त्याच्यावर लोभ होता. १९०५ मध्ये तो कंपनीत आला आणि शकुंतला म्हणून उभा राहिला. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी तालीम दिली, गवई भास्करबुवा बखल्यांनी गाणे दिले. एका उभ्या-उभ्या चाचणीवर निकाल लावायचा असता तर मराठी रंगभूमीचे काय झाले असते, हा प्रश्न मला तरी गमतीचा वाटत नाही.

गळा नसलेल्यांना मोठी भूमिकाच नव्हती, असे मात्र नाही. गणपतराव बोडस गद्य नट. ‘संशयकल्लोळ’मधला त्यांचा फाल्गुनराव नाटक खांद्यावर पेलतो, गाणी बाकीच्यांकडे. उलट गोविंदराव टेंबे मुळात पेटीवाले आणि संगीतकार. १९१३ साली गंधर्व मंडळी निघाली तेव्हा तेच नायक झाले.

स्त्रिया रंगभूमीवर आल्या आणि एक वेगळीच अडचण पुढे आली. पुरुषच नायिका करत होता तोवर दोघांची पट्टी जवळपास राही. नायिका बाई झाली की ती गाणार पेटीच्या काळी चार-पाच पट्टीच्या आसपास, नायक काळी एक-दोनला. वेगवेगळी पदे असली तर ऑर्गनवाला सांभाळून घेतो. पण द्वंद्वगीत आले की एकाला तरी गळा ताणावा लागतो किंवा दाबावा लागतो. म्हणून आजही जाणता संगीत दिग्दर्शक एकट्याचा आवाज ऐकून होकार देत नाही, जोडी ऐकतो. नाट्यमन्वंतर या संस्थेच्या १९३३ मधल्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आल्या, तेव्हापासून हा हिशेब कुणालाच टाळता आलेला नाही.

बोलपट आले, कंपन्या मोडल्या आणि घडवून घ्यायची ती शाळाही गेली. नट नाइटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर, काम करू लागले. मग निवड झाली ती ओळखीतून, गुरूंच्या शब्दावरून, मैफलीत ऐकलेल्या गळ्यावरून. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’त जितेंद्र अभिषेकी, रामदास कामत, आशालता ही सगळी गोव्याकडची मंडळी एकत्र आली आणि नाटक गोवा हिंदू असोसिएशनचे, यात योगायोग कमी आणि गोतावळा जास्त. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकातले खाँसाहेब वसंतराव देशपांडे झाले. ती भूमिका त्यांच्या गळ्याशी इतकी चिकटली की २०१० मध्ये नाटक पुन्हा उभे राहिले तेव्हा खाँसाहेब त्यांचे नातू राहुल देशपांडे झाले.

आता संस्था वेगवेगळ्या, तालमीला महिना-दोन महिने, म्हणून अनोळखी माणसांना बोलावून ऐकणे भाग आहे. कॉलरला माइक असल्यामुळे पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकण्याची अट गेली. नाजूक गळ्यांना त्यामुळे दार उघडले, ही चांगलीच गोष्ट. पण क्लासमधून तयार होऊन येणारी मुले पद बिनचूक म्हणतात आणि पदाआधीच्या दोन वाक्यांत अडखळतात. बोलता बोलता सुरात शिरणे त्यांना कुणी शिकवलेलेच नसते, कारण ते शिकवणारे बिऱ्हाडच उरले नाही. परीक्षकांनी पदाआधीचे संवाद धरून, मध्ये न थांबता, अख्खा प्रवेश मागितला तर उमेदवाराची पारख लवकर होईल. नुसती दोन पदे ऐकून ती होत नाही.