इम्पॅक्ट फॅक्टर आणि भौतिकशास्त्रातील जर्नलची निवड

इम्पॅक्ट फॅक्टर किंवा प्रभावांक म्हणजे एखाद्या जर्नलमधल्या लेखांना सरासरी किती सायटेशन (इतर लेखांनी दिलेले संदर्भ) मिळतात हे सांगणारा वार्षिक आकडा. तो जर्नलचा असतो, लेखाचा किंवा लेखकाचा नव्हे. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली. सूचीत कोणती जर्नले घ्यायची हे ठरवायला काहीतरी माप हवे होते, त्यातून हा आकडा जन्मला. १९७५ पासून तो ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मध्ये छापला जाऊ लागला. आता क्लॅरिव्हेट ही कंपनी दर जूनमध्ये आदल्या वर्षाचे आकडे जाहीर करते.

गणित सोपे आहे. समजा एका जर्नलने २०२२ मध्ये १२० आणि २०२३ मध्ये १३० लेख छापले. या दोन वर्षांतल्या मजकुराला २०२४ मध्ये ५०० सायटेशन मिळाली, तर २०२४ चा प्रभावांक ५०० भागिले २५०, म्हणजे २.०. तो जाहीर होतो जून २०२५ मध्ये. यात एक खोच आहे. छेदात फक्त शोधलेख आणि रिव्ह्यू (आढावा घेणारे) लेख मोजतात; अंशात मात्र संपादकीय, पत्रे, बातम्या यांना मिळालेली सायटेशनही धरतात. त्यामुळे असा मजकूर भरपूर छापणाऱ्या जर्नलला आकडा फुगवून मिळतो.

सरासरी किती फसवू शकते याचे भौतिकशास्त्राच्या शेजारचेच उदाहरण ‘अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’चे. २००८ मध्ये त्यात जॉर्ज शेल्ड्रिक यांचा ‘शेलएक्स’ या सॉफ्टवेअरवरचा लेख आला. स्फटिकरचना सोडवणारे लोक तो हजारोंनी उद्धृत करू लागले. जर्नलचा प्रभावांक २ च्या आसपास होता, तो २००९ मध्ये ४९.९ झाला. २०११ चा हिशेब २००९ आणि २०१० च्या लेखांवर झाला, २००८ चा लेख या दोन वर्षांच्या खिडकीतून बाहेर पडला आणि आकडा पुन्हा २ वर आला. बाकीचे लेख या काळात होते तसेच होते. लासलगावच्या बाजार समितीत किमान, कमाल आणि सरासरी असे तिन्ही भाव लावतात, म्हणून कांदा विकणाऱ्याला आपली ट्रॉली कुठे बसेल याचा अंदाज येतो. प्रभावांकात फक्त सरासरी मिळते, आणि जर्नलमधले बहुतेक लेख त्या सरासरीच्या खालीच असतात.

वेगवेगळ्या शाखांच्या आकड्यांची तुलना निरर्थक आहे. ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’चा आकडा ४० च्या वर जातो, कारण ते वर्षाला मोजकेच रिव्ह्यू लेख छापते आणि रिव्ह्यूला सायटेशन नेहमीच जास्त. ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ ८ ते ९ च्या घरात, ‘फिजिकल रिव्ह्यू बी’ साडेतीनच्या आसपास. या शेवटच्या दोघांत मान्यता मिळवणे कठीण, तरी मटेरियल्स सायन्समधल्या एखाद्या साधारण जर्नलचा आकडा त्यांच्यापेक्षा मोठा दिसू शकतो. तिथे लेखांची संख्या प्रचंड, संदर्भयाद्या लांब आणि सायटेशन लवकर येतात. सैद्धांतिक भौतिकशास्त्रात लेख पाच-सात वर्षांनीही वाचला जातो, पण दोन वर्षांच्या खिडकीत ते दिसत नाही. म्हणून आकड्याआधी क्वार्टाइल पाहावे: विषयगटातल्या जर्नलांचे आकड्यांच्या क्रमाने चार भाग केले तर आपले जर्नल सर्वांत वरच्या क्यू-१ मध्ये आहे की क्यू-३ मध्ये. एकच जर्नल दोन गटांत असेल तर दोन्हीकडचे क्वार्टाइल वेगळे असू शकते.

नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालयांत या आकड्याला जे वजन आहे ते मुख्यतः यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांमुळे. त्यानुसार रेफ्रीड (तज्ज्ञ रेफ्री लेख तपासतात अशा) जर्नलमधल्या लेखाच्या गुणांत प्रभावांक नसेल तर ५ गुणांची भर पडते, १ पेक्षा कमी असेल तर १०, १ ते २ ला १५, २ ते ५ ला २०, ५ ते १० ला २५ आणि १० च्या वर ३०. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि इतरांना प्रत्येकी ३० टक्के. विनियमात आकडा ‘थॉमसन रॉयटर्सच्या यादीनुसार’ घ्यावा असे म्हटले आहे, पण थॉमसन रॉयटर्सने हा व्यवसाय २०१६ मध्येच विकला होता. ती यादी म्हणजे आजची क्लॅरिव्हेटची. जून २०२३ पासून आकडे तीनऐवजी एकाच दशांश स्थळापर्यंत देतात. पूर्वी नेमका २.००० क्वचितच यायचा, आता १.९६ सुद्धा २.० दिसतो, आणि तो ‘१ ते २’ मध्ये धरायचा की ‘२ ते ५’ मध्ये यावरून कॅसच्या (प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेच्या) फाइलवर वाद होतो. पेपर छापून आला तेव्हा जाहीर असलेल्या आकड्याचे पान तेव्हाच छापून फाइलला लावावे. पुढच्या जूनमध्ये आकडा बदललेला असतो.

यूजीसीची मान्य जर्नलांची, पुण्यातून सांभाळली जाणारी यूजीसी-केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. जर्नल खरे की खोटे हे तपासण्याचा भार त्यामुळे महाविद्यालयावर आणि पर्यायाने गाईडवर आला. बनावट जर्नलच्या मुखपृष्ठावर ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.८’ ठळक छापलेला असतो. तो क्लॅरिव्हेटचा नसून पैसे घेऊन आकडे वाटणाऱ्या भलत्याच संस्थेचा असतो. पडताळणीला दहा मिनिटे पुरतात. जर्नलचा आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) घेऊन क्लॅरिव्हेटच्या मोफत ‘मास्टर जर्नल लिस्ट’मध्ये शोधावा, आणि तिथे दिलेल्या प्रकाशकाच्या नावावरूनच संकेतस्थळ उघडावे. ईमेलमधल्या दुव्यावरून जाऊ नये, कारण खऱ्या जर्नलच्या नावाने उभी केलेली नकली संकेतस्थळेही आहेत. स्कोपस या दुसऱ्या सायटेशन सूचीचा साइटस्कोर हा वेगळा आकडा आहे. तो चार वर्षांच्या खिडकीवर काढतात आणि बहुधा मोठा येतो. प्रभावांकाच्या रकान्यात तो लिहिणे चूक.

निवड करताना पहिली यादी आपल्याच संदर्भयादीतून निघते. थिक फिल्म गॅस सेन्सरवरच्या पेपरमध्ये ४० संदर्भ असतील तर कोणते जर्नल चार-पाच वेळा आले ते मोजावे. तिथले रेफ्री हाच विषय वाचणारे असतात. ‘सेन्सर्स अँड अॅक्चुएटर्स बी’ ८ च्या आसपास आहे म्हणून झिंक ऑक्साइडच्या आणखी एका फिल्मवरचा पेपर तिथे पाठवला, तर वायू ओळखण्यामागची यंत्रणा उलगडलेली नसल्यास तो रेफ्रीपर्यंत न जाताच परत येतो. त्याच कामाला ‘जर्नल ऑफ मटेरियल्स सायन्स: मटेरियल्स इन इलेक्ट्रॉनिक्स’ बरे. सुटसुटीत सैद्धांतिक किंवा सर्वसाधारण भौतिकशास्त्राच्या कामाला इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचे ‘प्रमाण’ आहे, आकडा २ च्या जवळ. कोलकात्याच्या ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ला कमी लेखण्याची पद्धत आहे, पण रामन परिणामाचा १९२८ चा लेख तिथेच छापून आला होता. एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवायचे असल्याने वेळही मोजावा: अलीकडच्या दहा लेखांवरच्या ‘प्राप्त’ आणि ‘स्वीकृत’ तारखा पाहिल्या की सरासरी कळते. पीएचडीची मुदत जवळ आली असेल तर सहा महिने लावणारे क्यू-१ परवडत नाही.

हायब्रिड जर्नलमध्ये, म्हणजे वाचकाची वर्गणी (सबस्क्रिप्शन) किंवा लेखकाचे शुल्क (ओपन अॅक्सेस) असे दोन्ही पर्याय असतात तिथे, छापायला सहसा पैसे लागत नाहीत. पेपर स्वीकारल्यावर येणाऱ्या फॉर्ममध्ये ‘सबस्क्रिप्शन’ निवडायचे. घाईत ‘ओपन अॅक्सेस’वर क्लिक झाले की लाखाच्या वरचे बिल येते. नाकारलेला पेपर ‘भगिनी जर्नलकडे वर्ग करू का’ असे प्रकाशक विचारतो, तेव्हा ते जर्नल बऱ्याचदा पूर्ण ओपन अॅक्सेस असते आणि तिथे शुल्क टळत नाही. हो म्हणण्याआधी दर पाहावेत.