खानदेशातलं जंगल आणि तारखांचा घोळ

पांझरा नदीकाठची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी मिळून वाटून घेण्याची रीत, जुनी, सामुदायिक आणि नावाजलेली. पण ती पाण्याची वाटणी होती. डोंगरातल्या जमिनीचं भांडण वेगळ्या वाटेने गेलं. १८१८ला इंग्रजांचा अंमल आला, १८७८च्या कायद्याने राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या आणि तिथे जमीन कसणारा भिल्ल-पावरा आदिवासी एका रात्रीत अतिक्रमणदार झाला. आजचा गुंता मात्र खूप अलीकडचा आहे.

राज्य सरकारने १९७८-७९मध्ये ठरवलं की ३१ मार्च १९७८पर्यंत कसलेली वनजमीन कसणाऱ्याच्या नावे करायची. ती प्रकरणं मार्गी लागण्याआधीच १९८०चा वनसंवर्धन कायदा आला आणि प्रत्येक गोष्टीला केंद्राची परवानगी लागू लागली. फायली तिथेच रुतल्या. मे २००२मध्ये केंद्राने अतिक्रमणं हटवण्याचं फर्मान काढलं तेव्हा धडगाव, अक्कलकुवा, साक्रीकडे एकच धावपळ उडाली. शेवटी २००६च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही तारीख ठरवली: त्या दिवशी ताब्यात असलेली, प्रत्यक्ष कसलेली जमीन, तीही जास्तीत जास्त चार हेक्टर.

तारीख ठरली, पुराव्याचं काय? सगळ्यात पक्का कागद ठरला तो वनखात्याची दंडाची पावती. ज्या कागदाने माणूस गुन्हेगार ठरला होता, तोच त्याचा ताबा सिद्ध करू लागला. ज्याने वनरक्षकाला कोंबडी देऊन प्रकरण मिटवलं, त्याच्या हाती काहीच नाही. नियमात गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब, जुना बांध, विहीर हेही पुरावे धरले आहेत. पण दावे तपासणाऱ्या वरच्या सरकारी समितीत कागद नसलेला दावा टिकवणं अवघड जातं. ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना हटवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १३ फेब्रुवारी २०१९ला आला आणि पंधरा दिवसांत स्थगितही झाला. त्या पंधरा दिवसांची धास्ती मोजायला जमीन मोजणारं कुठलंच जीपीएस यंत्र कामाचं नाही.

या झटापटीत वैयक्तिक पट्ट्यांनी, म्हणजे एकेकाच्या जमिनीच्या दाव्यांनी, सगळी ताकद खाल्ली, असं माझं मत. याच कायद्यात गावाच्या अख्ख्या जंगलावर सामूहिक हक्क आहे, राखण्याची जबाबदारीही आहे. पण ते दावे मागे पडले. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तर कायद्याची वाटच पाहिली नाही. नव्वदीच्या सुरुवातीला गावाने उघडा पडलेला डोंगर राखायला घेतला, कुऱ्हाडबंदी केली, तोडणाऱ्याला दंड लावला, ओघळींना बांध घातले. चारशेहून अधिक हेक्टर जंगल उभं राहिलं. २००४पासून तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते आणि बायका पानांवर मांडलेल्या भाज्यांची नावं परीक्षकांनाच शिकवतात.

त्याच तालुक्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासाठी डोंगर फोडून रस्ते झाले. वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती घ्यावी, हे केंद्राने परिपत्रक काढून सांगितलं ते ऑगस्ट २००९मध्ये. तोवर अनेक पाती फिरू लागली होती. २०२२च्या नियमांनी क्रम पुन्हा बदलला: केंद्राची मंजुरी आधी, वनहक्कांचा निपटारा नंतर राज्याने करायचा.