दुनळीचा बार उडत नसेल, तर ते काडतूस टाकू नका

चाप ओढला, खट्ट आवाज आला आणि बार उडालाच नाही. ही तक्रार घेऊन आमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ते काडतूस कुठे आहे? बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं: "टाकून दिलं." किंवा, "त्यावर आणखी दोनदा चाप ओढून पाहिला."

आमचा वेळ जातो तो इथेच. काडतुसाच्या बुडाशी घावाने पेटणारी टोपी असते; न उडालेल्या काडतुसाच्या टोपीवर फायरिंग पिनचा, म्हणजे तिच्यावर घाव घालणाऱ्या खिळीचा, ठसा असतो, आणि निम्मं निदान त्यावरच होतं. ठसा खोल आणि मधोमध असेल, तर बंदूक बहुधा ठीक आहे. काडतूस दमट किंवा फार जुनं असेल. ठसा उथळ असेल, तर मेनस्प्रिंग (घावाला जोर देणारी मुख्य स्प्रिंग) दमलेली, पिनचं टोक झिजलेलं किंवा आत तेल चिकट होऊन बसलेलं. ठसाच नसेल, तर पिन मोडली का ते आधी बघतो. एकाच टोपीवर तीन घाव पडले की यातलं काहीच कळत नाही. मग बंदूक पूर्ण उघडून शोध घ्यावा लागतो.

म्हणून बार उडाला नाही की नळी सुरक्षित दिशेला धरून किमान 1 मिनिट थांबा. टोपी उशिराही पेटते. मगच बंदूक उघडा, काडतुसावर 'डावी' की 'उजवी' ते लिहा आणि वेगळ्या डबीत ठेवा. ते नळीत तसंच ठेवून दुकानात आणू नका. आणणारे आहेत, म्हणून लिहावं लागतं. आवाज नुसताच फुस्स झाला असेल, तर बंदूक रिकामी करून नळी आरपार दिसते का पाहा. आत वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच) अडकलेलं असताना दुसरा बार काढला, तर नळी फुटू शकते.

एकच चाप असलेल्या काही दुनळ्यांत पहिल्या बाराच्या धक्क्यानेच चाप दुसऱ्या नळीवर जातो. पहिला बार उडाला नाही, तर दुसरा चालणार नाही. तो बिघाड नव्हे.

पिनच्या भोकात तेल ओतू नका. जुन्या काजळीत मिसळून ते घट्ट होतं आणि थंडीत पिन आळसावते.

"स्प्रिंगच तर बदलायची, इतके दिवस कशाला?" असं विचारलं जातं. चपटी स्प्रिंग त्या बंदुकीपुरती घासून बसवावी लागते. नंतर दारू आणि छर्रे नसलेल्या, फक्त टोपी बसवलेल्या पुंगळ्यांवर दोन्ही नळ्यांचे ठसे ताडून पाहतो. ते केल्याशिवाय बंदूक परत देत नाही. हंगामाआधी वर्षातून एकदा आत साफ करून घेणाऱ्यांवर ही वेळ क्वचितच येते. कोरडा, म्हणजे रिकाम्या बंदुकीचा, चाप ओढायची सवय असेल, तर डमी काडतुसांची जोडी काउंटरवर मिळेल.

येताना न उडालेलं काडतूस ज्या खोक्यातलं, त्यातली उरलेली काडतुसंही वेगळी बांधून आणा.