दुपारी अडकणारा आणि रात्री पळणारा लॅपटॉप

माझा भाचा धनकवडीत राहतो, वरच्या मजल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात स्लॅब थेट डोक्यावर तापतो. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, मामा गेम दुपारी सारखा अडकतो आणि रात्री अकरानंतर एकदम मस्त चालतो, ग्राफिक कार्ड गेलं का? मी म्हटलं अरे कार्ड खराब असतं तर रात्रीही अडकलंच असतं, दुपार आणि रात्र यात बदलतं काय ते बघ. खोलीतली हवा बदलते, दुसरं काही नाही.

लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या पाइपातून पंख्याजवळच्या बारीक पत्र्यांपर्यंत येते आणि तिथून हवेत जाते, आणि ती किती पटापट जाणार हे चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा चिप 95 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. खोली 25 अंश असेल तर फरक 70 चा, आणि पुण्यातल्या दुपारी खोली 38 ला गेली की फरक फक्त 57. म्हणजे तोच पंखा, तोच पाइप, पण बाहेर पडणारी उष्णता जवळपास 19 टक्के कमी! मग चिप जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते, जरा थंड झाली की परत वाढवते, परत तापते, आणि हे वरखाली होत राहतं तेव्हा हाताला जाणवतो तो झटका. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात.

आता भाचा म्हणाला पण स्क्रीनच्या कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, येतात तो आकडा) तर 60 दिसतोय. इथे बहुतेक सगळे फसतात, कारण तो आकडा सरासरी असतो. 60 एफपीएस म्हणजे दर 16.7 मिलिसेकंदाला एक फ्रेम यायला हवी, पण 59 फ्रेम 800 मिलिसेकंदात आल्या आणि एकच फ्रेम 200 मिलिसेकंद अडकली तरी त्या सेकंदाचा आकडा 60 च येतो आणि डोळ्याला मात्र चित्र गोठलेलं दिसतं. म्हणून एफपीएसपेक्षा फ्रेम टाइमचा, म्हणजे एकेका फ्रेमला किती वेळ लागला त्याचा, आलेख बघा, तो सपाट पाहिजे.

उपाय म्हणून आधी लॅपटॉप गादीवरून उचलायला लावला, खालून हवा ओढायची जागाच गादी बंद करते. मग खालचं झाकण उघडलं तर पंखा आणि पत्र्यांच्या मधे धुळीचा चक्क नमदा बसलेला, शेजारी बांधकाम चालू आहे ना. ब्रशने काढला (हवा मारणार असाल तर पंख्याची पाती धरून ठेवा, भन्नाट फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं).

पण मला सगळ्यात आवडतो तो उपाय फुकटचा आहे. चिप खाते ती वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात असते, म्हणजे दोन्ही 10 टक्क्यांनी उतरवले तर 0.9 गुणिले 0.9 गुणिले 0.9, साधारण 0.73, वीज 27 टक्के कमी आणि वेग मात्र फक्त 10 टक्के कमी. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट 100 ऐवजी 99 केलं की बऱ्याच लॅपटॉपवर टर्बो (चिपचा नेहमीपेक्षा वर जाणारा जादा वेग) बंद होतो आणि हाच फायदा मिळतो. सोबत गेममध्ये फ्रेम लिमिट 60 वर लावली, कारण स्क्रीन 60 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 60 चित्रंच दाखवणारी, असताना 110 फ्रेम बनवणं म्हणजे नुसती उष्णता बनवणं. आणि चार्जर लावूनच खेळायचं, बॅटरीवर पॉवर मर्यादा खूप खाली येते.

एक गोष्ट उष्णतेची नव्हती. 8 जीबीची एकच रॅम होती, मागे ब्राउझर उघडा, रॅम भरली की डेटा डिस्कवर जातो आणि डिस्क कितीही फास्ट असली तरी रॅमच्या पुढे खूप हळू. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तपकीर गल्लीतून, तशीच दुसरी 8 ची आणली. जोडीने बसवली की ड्युअल चॅनल चालू होतो, मेमरीचा रस्ता दुप्पट रुंद, आणि ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक कार्ड नाही त्यांना तर याचा सगळ्यात जास्त फरक पडतो.

आता दुपारी अडीचलाही त्याचा आलेख बराच सपाट असतो. नवीन नकाशा पहिल्यांदा उघडला की एखाद मिनिट अजून अडकतं, ते शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होतात म्हणून, तोच नकाशा दुसऱ्यांदा उघडला की नाही अडकत, त्यासाठी झाकण उघडू नको असं त्याला सांगून ठेवलंय.