‘मी’ आणि लेखक यांची गल्लत

कथा-कादंबरीत ‘मी’ म्हणून बोलणारा तो लेखकच, असे धरून वाचण्याची सवय. समीक्षेत या ‘मी’ला निवेदक म्हणतात. इतर पात्रांसारखाच तोही रचलेला असतो.

सांगली जिल्ह्याबाहेर न जाता हा विषय समजून घेता येतो. माडगूळ (ता. आटपाडी) येथे १९२७ साली जन्मलेल्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर आपली हकीकत सांगतो. त्याचे नाव राजाराम विठ्ठल सौंदणीकर. नाव एवढे लख्ख सांगूनही पुष्कळांना तो माडगूळकरच वाटतो. त्याला थोडा आधारही आहे: मुलूख माणदेशाचा, म्हणजे लेखकाच्याच गावाकडचा, आणि लेखकाने तरुणपणी काही काळ मास्तरकी केलेली. पण अनुभवातून पात्र उभे राहिले म्हणून पात्राचे म्हणणे लेखकाची जबानी ठरत नाही.

सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांच्या ‘ययाती’त (१९५९) ययाती, देवयानी, शर्मिष्ठा असे तिघे ‘मी’ म्हणून बोलतात. तिथे मात्र कोणी फसत नाही. गल्लत व्हायला गाव, पेहराव, एसटी स्टँड ओळखीचे लागतात.

तमाशाचा प्रेक्षक या बाबतीत वाचकापेक्षा पक्का. रेठरे हरणाक्षचे (ता. वाळवा) श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, लावणी बाईच्या तोंडून लिहीत; ती त्यांचीच कैफियत असे फडात कोणालाही वाटले नसेल. गाणारी समोर उभी असते ना! छापील पानावर मध्ये कोणीच नसते, मलपृष्ठावर लेखकाचा फोटो तेवढा. क्रियापदही खुणा देते: पुरुषाने लिहिलेल्या कथेत ‘मी गेले’ आले की वाचक सावध होतो. (सांगली-कोल्हापूरकडच्या बायका सर्रास ‘मी आलो’ म्हणतात, तो भाग वेगळा.)

त्रास घरच्यांनाही होतो. ‘आमचं घर चव्हाट्यावर मांडलंस,’ म्हणून भाऊबंद बोलणे टाकतात. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ छापली की संशय उलट बळावतो.

कधी गल्लत मायेचीही असते. विधुराची कथा ‘मी’च्या तोंडून सांगणाऱ्या एका लेखकाला विट्याकडे कथाकथन आटोपल्यावर एका म्हाताऱ्याने बाजूला घेतले, पाठीवरून हात फिरवला. ‘पोरांकडं बघून दिस काढायचं, मास्तर.’ लेखकाची बायको पलीकडे बशीतून चहा पीत होती.